वस्तीतलं गजबजलेलं इटालियन रेस्टॉरंट: काही महिने जेवल्यानंतरचा अनुभव

साठेक खुर्च्या, सगळ्यांना दिसेल असं उघडं किचन, पिझ्झाची एक भट्टी, सहा बर्नरची शेगडी आणि शुक्रवार-शनिवारी रात्री दारात ताटकळणारी माणसं. अशा जागेला पहिल्या भेटीत दिलेल्या स्टार्सना फारसा अर्थ नसतो. मंगळवारी दुपारी खाल्लेला कार्बोनारा (अंडं-चीजच्या सॉसचा पास्ता) आणि शनिवारी रात्री साडेनऊला आलेला कार्बोनारा एकाच किचनमधले आहेत यावर विश्वास बसत नाही. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी जेवल्यावर माझं मत पक्कं झालंय ते असं: मेन्यू उघडण्याआधी शेगडीकडे बघावं. किचनवर किती ताण आहे ते पाहून ऑर्डर दिली तर इथे जेवण सहसा फसत नाही.

सुरुवात पास्त्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त चढउतार तिथेच आहेत.

पास्ता उकळायला एक खोल, चौकोनी भांडं आणि त्यात उतरणाऱ्या जाळीच्या टोपल्या. पाणी दर प्लेटला बदलत नाहीत. एकामागून एक टोपल्या त्याच पाण्यात उतरतात आणि पास्त्यातला स्टार्च त्यात साठत जातो. किचन उघडल्या उघडल्या हे पाणी नितळ असतं, दोनेक तासांत दुधाळ होतं. चीजचा सॉस एकजीव ठेवण्याचं काम हेच दुधाळ पाणी करतं. म्हणून काचो ए पेपे पहिल्या अर्ध्या तासात मागवू नये. पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं चीज), मिरी आणि पास्त्याचं पाणी, बस्स, एवढ्यावर हा पदार्थ उभा असतो. लपवायला काहीच नाही. सॉस साधारण ६५ अंश सेल्सियसच्या वर गेला आणि पाण्यात पुरेसा स्टार्च नसला, की चीजमधली प्रथिनं एकमेकांना धरून गोळा होतात. भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने या गुठळ्यांचा रीतसर अभ्यास केला आणि त्याला २०२५ चं भौतिकशास्त्राचं इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो, १ टक्क्याच्या खाली गेला की फुटतो, हा त्यातला कामाचा भाग. घरी करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा.

प्लेट आल्यावर काट्याने पास्ता थोडा बाजूला सारून तळ बघा. जमलेल्या प्लेटमध्ये तळाशी सायीइतक्या दाटीचा पातळ थर असतो आणि प्लेट कलती केली की तो सावकाश सरकतो. बिघडलेल्या प्लेटमध्ये खाली पांढरट पाणी, वर कोरडा पास्ता आणि काट्याच्या दातांना चिकटलेला चीजचा चिवट गोळा. असं आलं तर परत पाठवायला संकोच करू नका. इथे मी दोनदा परत पाठवली आणि दोन्ही वेळा काही न बोलता नवीन प्लेट आली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

उशिरा मात्र वेगळीच अडचण येते. पाणी आटत जातं, वरून भर घालताना मीठ अंदाजाने पडतं. लिटरला १० ग्रॅमचा नेहमीचा हिशेब रात्री दहानंतर कोणी पाळत नाही. पेकोरिनो मुळातच खारट, त्यात हे पाणी. त्यामुळे शेवटच्या फेरीत काचो ए पेपे आणि कार्बोनारा दोन्ही जिभेला बोचतात. त्या वेळी टोमॅटोच्या सॉसचं काहीतरी घ्यावं.

कार्बोनाराची गोष्ट थोडी निराळी. अंड्याचा बलक ६५ ते ७० अंशांच्या आसपास घट्ट होतो, म्हणजे पॅन आचेवरून उतरवून, अर्धा मिनिट थांबून मग अंडं-चीजचं मिश्रण घालायला हवं. गर्दीत हा अर्धा मिनिट कोणाकडे नसतो. मिश्रण पेटत्या बर्नरवरच्या पॅनमध्ये पडतं आणि पास्त्यावर भुर्जीचे कण दिसू लागतात. अनेक ठिकाणी यावर क्रीम हा उपाय असतो. क्रीम फाटत नाही, वाट बघत नाही, कोणाच्याही हाताने जमतं. इथे क्रीम घालत नाहीत हे मान्य, पण त्याची किंमत शनिवारी रात्री गिऱ्हाईक मोजतं. ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, मात्र बहुतेक वेळा नीट कुरकुरीत असतं, कारण ते आधीच परतून ठेवलेलं असतं.

आता मोठ्या टेबलाचा प्रश्न. आठ जण आले आणि आठांनी आठ प्रकारचे पास्ते मागवले, तर सहा बर्नरवर आठ पॅन मावत नाहीत. शिवाय प्रत्येक पास्ता शिजायची वेळ वेगळी: ताजा अंड्याचा पास्ता दोन-तीन मिनिटांत, वाळवलेला जाडीप्रमाणे आठ ते बारा. पहिली तयार प्लेट गरम दिव्याखाली थांबते आणि थांबल्या जागी सॉस पीत राहते. टेबलावर येईपर्यंत ती कोरडी आणि चिकट. दोष आचाऱ्याचा नाही, ऑर्डरचा आहे. तीनच प्रकार निवडा, प्रत्येकी दोन-तीन प्लेट, आणि मधे ठेवून वाटून घ्या. एका पॅनमध्ये दोन प्लेटचा पास्ता चांगला परतला जातो. चार प्लेटचा कोंबला तर सॉस धरत नाही, म्हणून एकाच प्रकारच्या आठ प्लेट हाही उपाय नव्हे.

गर्दीच्या रात्री खात्रीचं काय? रागू, म्हणजे खिम्याचा सॉस. तो सकाळीच तासन् तास मंद आचेवर शिजलेला असतो, रात्री फक्त पास्त्यात मिसळायचा. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रागूची पाककृती १९८२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली आणि २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. तो खातात ताल्यातेल्लेबरोबर, कारण या रुंद, खरबरीत पट्ट्यांवर खिमा टिकतो. गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घसरून तळाशी जमतो. इथे मागितली तर स्पॅगेटीही देतात. मागू नका. लझान्याही (थर लावून भाजलेला पास्ता) गर्दीत सुरक्षित, फक्त मधोमध काटा खुपसून बघा. कडा बुडबुडत असताना मधला भाग कोमट असेल तर तो फ्रिजमधून थेट तापत्या ओव्हनमध्ये गेलाय.

रिसोत्तो, म्हणजे स्टॉकमध्ये शिजवलेला मऊसर इटालियन भात, इथे फक्त निवांत दुपारी. तांदूळ कच्च्यापासून शिजायला १६ ते १८ मिनिटं लागतातच. दहा मिनिटांच्या आत टेबलावर आला तर तो अर्धवट शिजवून, ट्रेमध्ये पसरून गार केलेला आणि ऑर्डरनंतर पूर्ण केलेला आहे. जवळपास सगळी वर्दळीची किचन्स असं करतात आणि नीट केलं तर फरक कळतही नाही. फसतं तेव्हा दाणा बाहेरून गिच्च आणि आत खडूसारखा लागतो. प्लेटवर रिसोत्तो पसरायला हवा. खालून हलकी थाप मारली की लाट सरकावी. ढीग करून उभा राहिला तर शेवटी गार बटर आणि चीज घालून आचेबाहेर घोटण्याची पायरी घाईत उरकलेली असते.

पिझ्झा. भट्टी खरी तापते आणि पीठही रात्रभर आंबवतात. नेपल्सच्या पिझ्झा संघटनेचे नियम (संघटना १९८४ ची) भट्टीला ४३० ते ४८० अंश आणि भाजायला ६० ते ९० सेकंद सांगतात. इथे त्याच्या जवळपास जातात. अडचण सलग ऑर्डरींची. प्रत्येक ओला पिझ्झा भट्टीच्या फरशीतली उष्णता ओढून घेतो. भट्टीचा घुमट मात्र ज्वाळेमुळे धगधगीत राहतो. एकाच जागी लागोपाठ पिझ्झे टाकले की वरून काळे ठिपके सुंदर उठतात आणि खालून बूड पांढरंफटक. म्हणून पहिला तुकडा उचलून खालची बाजू बघायची: तपकिरी ठिपके असतील तर ठीक, मैद्यासारखी फिकट आणि लवचिक असेल तर घासागणिक पीठच पोटात जाणार. चांगला पिझ्झा करणारा फरशीवरची जागा बदलत राहतो, किंवा दोन मिनिटं थांबून फरशी परत तापू देतो. आठवड्याच्या मधल्या रात्री इथे थांबतात. शनिवारी नाही.

शनिवारची दुसरी भानगड पिठाच्या गोळ्यांची. दुपारी बाहेर काढून ठेवलेले गोळे नऊच्या सुमारास संपतात आणि पुढचे फ्रिजमधून जरा लवकरच भट्टीपर्यंत पोचतात. थंड गोळा पसरताना मागे येतो, म्हणून पिझ्झा आकाराने लहान आणि मधे जाड. कडेवर मोठे एकटे फुगे, आत घट्ट, चावायला चिवट. 

मधोमध साचणारं पाणी हे मात्र गर्दीशी संबंधित नाही. म्हशीच्या दुधाचा मोझारेला निथळून न ठेवता टाकला की नव्वद सेकंदांत त्याचं पाणी उडून जाणं शक्यच नसतं. गाईच्या दुधाचा मोझारेला, फिओर दि लात्ते, पिझ्झासाठी जास्त भरवशाचा आणि इथे तो स्वस्तही पडतो. म्हशीच्या मोझारेलाला जास्त पैसे मोजायचे असतील तर तो सॅलडमध्ये खा. टॉपिंग दोनच्या वर नेऊ नका. मशरूम, टोमॅटोचे काप, पालक हे सगळं पाणी सोडणारं.

पिझ्झा पार्सल नेण्याच्या भानगडीत पडू नये. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत बूड मऊ. न्यायचाच असेल तर न कापता द्यायला सांगा, झाकण थोडं उघडं ठेवा आणि घरी मंद आचेवर कोरड्या पॅनमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये तो वातड होतो.

सुरुवातीच्या पदार्थांत बुर्राता (आत साय भरलेलं ताजं चीज) चांगला असतो, पण फ्रिजमधून थेट येतो. इतक्या थंडीत आतल्या सायीला चवच नसते. बसल्या बसल्या मागवून टाका, पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग कापा. ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) तेल घातलेलं काहीही घेऊ नका. त्या तेलाचा वास बहुतेक वेळा २,४-डायथायापेंटेन नावाच्या कृत्रिम रसायनाचा असतो, ट्रफलचा त्यात संबंध नसतो, आणि पुढच्या तासभर दुसरी कुठलीच चव कळत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण मेन्यूवरची हिरवी खूण पुरेशी नाही. पार्मिज्यानो रेज्यानो (गाईच्या दुधाचं कडक चीज) वासराच्या आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध जमवणाऱ्या विकराने, जमवतात. त्यांच्या नियमातच ते आहे. म्हणजे मार्गेरितावर किंवा पेस्टोमध्ये हे चीज असेल तर कडक शाकाहाऱ्यांना ते चालणार नाही. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, वाळवलेल्यात सहसा फक्त डुरम गव्हाचा रवा आणि पाणी. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही मासे. रिसोत्तोचा आणि मिनेस्त्रोने सूपचा स्टॉक कोंबडीचा आहे का ते दर वेळी विचारावं, आचारी बदलला की उत्तर बदलतं. तिरामिसूत (कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं गोड) कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं असू शकतं, गरोदर बायकांनी आधी विचारूनच घ्यावा. वेटर ‘बहुतेक नाही’ म्हणाला तर त्याला किचनमध्ये जाऊन विचारून यायला सांगा. इथे ते खळखळ न करता जातात.

आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांचं मला पटतं. फरशी, काच, उघड्या विटा, मऊ काहीच नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, शेजारचं टेबल आणखी चढवतं, आणि साडेआठपर्यंत समोरच्याचं ऐकायला पुढे वाकावं लागतं. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. बुकिंग करतानाच भिंतीकडेचं टेबल मागा. मधल्या रांगेत दोन्ही बाजूंनी मारा होतो, आणि किचनच्या खिडकीजवळ ताटल्यांचा. भट्टीसमोरची उंच स्टुलं दिसायला मस्त, पण पाठीला टेकू नाही आणि चेहऱ्यावर धग. वीस मिनिटांत एक पिझ्झा खाऊन निघणाऱ्यांना ठीक.

वेळ सांगायची तर सात ते पावणेआठ सगळ्यात बरी. पाण्यात स्टार्च आलेला, फरशी पुरेपूर तापलेली, गोळे पहिल्या बॅचचे, आणि दारातली रांग अजून टेबलावर बसलेली नाही. गर्दीच्या रात्री टेबल दीड तासासाठीच देतात, ते बुकिंगच्या वेळीच सांगतात, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर नाही. कुरकुर आहे ती सगळे पदार्थ एकदम आणून टेबल भरून टाकण्याची. सुरुवातीचे पदार्थ आधी द्या, पास्त्याची ऑर्डर ते संपत आल्यावर देतो, असं स्वच्छ सांगितलं तर ऐकतात. न सांगता अपेक्षा ठेवली तर बुर्राता आणि रागू एकत्रच येतात.

गोडात तिरामिसू. तो सकाळी मोठ्या ट्रेमध्ये लावतात, संध्याकाळी कापतात, आणि आदल्या दिवशीचा असेल तर उलट जास्त चांगला लागतो, कारण बिस्किटात कॉफी सारखी मुरलेली असते. तिसऱ्या दिवशी मात्र प्लेटच्या कोपऱ्यात तपकिरी पाणी सुटतं आणि मास्कार्पोने या सायीच्या चीजचा थर रवाळ होतो. तसा दिसला तर पान्ना कोत्ता (जिलेटिनने जमवलेली गोड साय) घ्या, प्लेट हलवल्यावर मधोमध थरथरला पाहिजे; न थरथरणाऱ्यात जिलेटिन जास्त झालेलं असतं. एस्प्रेसो गोड संपल्यावरच मागवा. आधी सांगितली तर ती मशीनशेजारी ठेवून वेटर तिरामिसूची वाट बघत उभा राहतो आणि कपावरचा फेस टेबलापर्यंत पोचत नाही.