टँक ठेवा, माहितीपत्रक फेकून द्या : २५ लिटरचा प्लांटेड स्टार्टर किट, चार महिने वापरून

चार महिने झाले मासे आणि पाण्यातली झाडं ठेवायच्या काचेच्या टँकचा हा किट आणून, म्हणून आता लिहितोय, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर एकही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. काच, हँगऑन (कडेला टांगायचा) फिल्टर, क्लिपवाला एलईडी, पिशवीभर खडे, एक जाळी, दोन छोट्या बाटल्या आणि घडी घातलेलं माहितीपत्रक, एवढा ऐवज. वस्तू ठीकठाक आहेत, घोळ सगळा त्या कागदात आहे.

काच चांगली आहे. ४० बाय २५ बाय २५ सेंटीमीटर, म्हणजे खोक्यावर २५ लिटर, पण माती घातली, लाकूड ठेवलं आणि वर दोन बोटं जागा सोडली की पाणी जेमतेम १९-२० लिटर मावतं, खत मोजताना हाच आकडा धरा. सिलिकॉन सफाईदार आहे, गळलं कुठेच नाही. भरल्यावर सगळं मिळून ३० किलोच्या आसपास वजन होतं त्यामुळे डळमळीत स्टूल नको, आणि भरलेला टँक नंतर "जरासा" सरकवायला जाऊ नका, मी गेलो होतो, कंबर आणि काच दोन्ही थोडक्यात वाचल्या.

खडे पांढरे चकचकीत, झाडांना त्यात काही मिळत नाही. ते बाजूला ठेवून मी अ‍ॅक्वासॉइल (टँकमधल्या झाडांसाठीची दाणेदार माती) टाकली.

आता मुख्य मुद्दा. कागद म्हणतो पाणी भरा, बॅक्टेरियाची बाटली ओता, २४ तासांत मासे सोडा. अहो, असं नसतं ते! माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी, काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे त्यामानाने निरुपद्रवी आणि झाडं वापरतात. ही पलटण पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, मातीवर, काचेवर जास्त चिकटून असते आणि पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणजे टँक तयार झाला असं नाही, माझं दुसऱ्या दिवशीच स्वच्छ दिसत होतं आणि नवव्या दिवशी अमोनिया २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) आला (नवी सॉइल सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडते). मग नायट्राइट चढलं, आणि ३४व्या दिवशी दोन्ही शून्य. तोवर रिकाम्या टँकसमोर बसायचं, घरचे विचारणार मासे कुठायत, आपण झाडं दाखवायची.

पाणी तपासायची टेस्ट किट यात येत नाही, वेगळी घ्या आणि थेंबांचीच घ्या. नायट्रेटची दुसरी बाटली दणकून हलवायची असते, मी नुसती उलटीसुलटी केली तर रिझल्ट शून्य, नीट हलवली तर २०.

दोन बाटल्यांपैकी क्लोरीन मारणारी मात्र कामाची आहे, ती दर वेळी पाणी बदलताना लागतेच. बॅक्टेरियावालीने काही फरक पडला की नाही ते देव जाणे.

फिल्टर. मोटर शांत आहे, आवाज आला तर बहुतेक वेळा पाण्याची पातळी खाली गेलेली असते आणि धार वरून पडत असते. पण आत कार्बनचं कार्ट्रिज (पाणी गाळणारी बदलायची पट्टी) आहे आणि कागद म्हणतो दर महिन्याला नवीन टाका. मी शहाण्यासारखा (!) बेटा (लांब पंखांचा छोटा मासा) सोडल्यावर आठवडाभरातच बदललं, आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.५. ज्या बॅक्टेरियासाठी महिनाभर वाट बघितली तेच मी कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. मग रोज थोडं थोडं पाणी बदलत बसलो, खाणं अर्ध्यावर आणलं, मासा वाचला. आता कार्ट्रिज काढून त्या जागी जाड स्पंज कापून बसवलाय आणि तो नळाखाली नाही तर बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळतो. याचे दोन स्टार कापले, कारण सूचना पाळणाऱ्याचंच नुकसान होतं.

आणि धार बेटाला फार जोरात लागते. एवढे लांब पंख, बिचारा कोपऱ्यात ढकलला जायचा. फिल्टरच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा अडकवला तेव्हा कुठे मोकळा फिरायला लागला. हीटरही नाहीये किटमध्ये, बेटाला २५-२७ डिग्री लागतं. खोक्यावर फोटो गोल्डफिशचा आहे, दोन गोल्डफिश, २५ लिटरमध्ये! ते वीतभर वाढतात हो.

लाइट छोट्या झाडांना पुरतो. सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे १० तास लावला तर काचेवर तपकिरी थर, पानांवरही. टायमर लावून ६ तासांवर आणला, हळूहळू थर गेला. झाडांत अनुबियास आणि जावा फर्न, दोन्हींचा आडवा जाड देठ मातीत पुरायचा नाही नाहीतर सडतो, मी लाकडाला दोऱ्याने बांधलेत. क्रिप्टोकोरीनने बाराव्या दिवशी सगळी पानं वितळवून टाकली, उपटायला हात गेलाच होता, बरं झालं थांबलो, ही झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, जुनी पानं टाकतात आणि मुळं शाबूत असली की नवी येतात. माझ्याकडे आता पहिल्यापेक्षा दाट आहे. बारीक गोगलगायी झाडांबरोबर फुकट आल्या, राहू दे.

लाइटची क्लिप सैल झालीये, खाली रबराचा तुकडा दिलाय. एकूण तीन स्टार, तेही काच आणि मोटरचे. खोक्यातली दोन जादाची कार्ट्रिज अजून सीलबंद आहेत, कोणाला हवी असतील तर घेऊन जा.