माळकऱ्याचा ‘लिव्हर-केअर’ डबा

तीन महिने एका कंपनीचा ‘लिव्हर-केअर’ डबा खाल्ला, त्याचा हा हिशेब. आधीच सांगून ठेवतो, मी पीत नाही. पंधरा वर्षं गळ्यात माळ आहे आणि त्याआधीही कधी हात लावला नव्हता. एप्रिलमध्ये ऑफिसच्या तपासणीत सोनोग्राफीवाल्याने पोटावरून ते थंडगार यंत्र फिरवता फिरवता सहज विचारलं, "घेता का?" मी माळ दाखवली. "बरेच माळवाले येतात," तो म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. रिपोर्टवर आलं : फॅटी लिव्हर, ग्रेड टू. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ७४, वजन ७८.४ किलो, उंची पाच फूट पाच. त्या दिवसापासून ऑफिसात मी छुपा रुस्तम.

लालबागला चिवडा गल्लीपासून पाच मिनिटांवर राहतो, बॅलार्ड इस्टेटला क्लिअरिंग एजंटकडे नोकरी, दिवसभर खुर्ची. दारू लागतच नाही यासाठी, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. खाल्लेल्या भात-साखरेतलं जे खर्च होत नाही त्याची लिव्हर चरबी करतं आणि थोडी स्वतःकडेच साठवून ठेवतं. म्हणूनच की काय, २०२३मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या दुखण्याच्या नावातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्दच काढून टाकला. माझ्या रिपोर्टवर ते जुनं नाव असतं तर ऑफिसात जरा बरं झालं असतं.

डॉक्टरांनी फायब्रोस्कॅनला पाठवलं, म्हणजे लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी. तीन तास उपाशी जायचं, उताणं झोपायचं, बरगडीत टिचकी मारल्यासारखं दहा-बारा वेळा होतं, झालं. चरबीचा आकडा ३१२, कडकपणा ६.१. "चरबी भरपूर आहे, वण पडलेले दिसत नाहीत. आत्ता आलात ते बरं," ते म्हणाले. औषध एकही दिलं नाही. वजन पाच टक्के उतरलं की चरबी हटायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही कमी होते, एवढं सांगून साडेपाच किलो हा आकडा केसपेपरवर गोल करून दिला.

आता मूळ विषय. ऑफिसच्या लिफ्टमध्ये या डबेवाल्यांचं पत्रक लावलेलं होतं : ‘९० दिवसांत ग्रेड टू ते झीरो’. दुपारचा डबा सोमवार ते शनिवार, तीन महिन्यांचे एकदम भरले तर १४,४०० रुपये, म्हणजे डब्याला साधारण १८५. शिवाय स्टीलच्या डब्याचं डिपॉझिट ६००. आहारतज्ज्ञाशी फोनवर बोलणं आणि रोज एक ‘डिटॉक्स’ बाटली त्यातच. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याच मजल्यावर त्यांचे अजून सात डबे येतात, आणि डबा आणणारा पोरगा फार गुणी आहे.

घरी सांगितलं तेव्हा ही काहीच बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "पंचवीस वर्षं माझा डबा खाल्लात, तेव्हा लिव्हरला काही झालं नव्हतं." याला उत्तर नसतं.

जेवणाबद्दल आधी बोलतो, कारण जेवण खरंच चांगलं आहे. चार कप्पे. एकात उसळ, एकात पालेभाजी, एकात कोशिंबीर, आणि चौथ्यात, सगळ्यात लहान कप्प्यात, भात. तोही आठवड्यातून तीनच दिवस. वर भाकऱ्या किंवा पोळ्या दोन, ताकाची बाटली वेगळी. पहिल्या दिवशी मला वाटलं, भाताचा डबा पोरगा वाटेत विसरला. मूठभर म्हणतात तसा, खरोखर एक मूठ भात होता. आम्ही घरी आमटी भातावर ओततो. इथे भात आमटीत टाकावा लागला.

मटकीची उसळ मात्र अशी, की तेल कमी आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळू नये. मोड लांब आलेले, गोडा मसाला बेताचा, वर दोन आमसुलं, खोबरं अगदी चिमूटभर. चवळी, मसूर, मूग, सोमवारी कुळीथ. पालेभाज्यांत माठ, शेपू, आंबट चुका. आणि जुलैत एका मंगळवारी झाकण उघडलं तर टाकळा! पाऊस सुरू झाला की स्टेशनबाहेर बायका वाटे लावून बसतात तो टाकळा, कोवळा, चणाडाळ घालून केलेला. शेजारच्या टेबलावर मालवणचा एक सहकारी बसतो. वास आल्याबरोबर तो स्वतःचा डबा उचलून माझ्याकडे आला. डाएटच्या डब्यावर कुणी हात मारलेला मी पहिल्यांदा पाहिला.

भाकरी हे त्यांचं दुखणं. ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात पडली तरच भाकरी. सकाळी आठला भाजून फॉइलमध्ये गुंडाळलेली दुपारी एक वाजता मोडायला गेलं तर कट्‌कन आवाज येतो. दोनदा तक्रार केली. मग पोळ्या यायला लागल्या, त्या ठीक. जुलैत ज्या दिवशी पाणी भरून गाड्या बंद पडल्या, त्या दिवशी डबा साडेतीनला आला आणि उसळ आंबली होती. पैसे कापून दिले, न मागता. पण पावसाचा महिना आहे हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं का? यांच्याकडे मोटरसायकलवरची मुलं आहेत. आपल्या टोपीवाल्या डबेवाल्यांशी जोडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. ते त्यांना लेखी कळवलंय.

आहारतज्ज्ञ बाईंना पैकीच्या पैकी गुण. वीस मिनिटं बोलल्या. भात किती खाता विचारल्यावर मी म्हणालो, दोन वाट्या. "वाटीशेजारी काडेपेटी ठेवा आणि फोटो पाठवा." पाठवला. त्या हसल्या : "काका, याला आमच्याकडे वाडगा म्हणतात." पुढच्या महिन्यात मात्र दुसरीच कुणी फोनवर, तिसऱ्या महिन्यात तिसरी, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच, "सर, वीकली ड्रिंक्स किती?"

एकादशीची मला धास्ती होती. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्या घरावरूनच कुणी रचलं असावं. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, दाण्याचा लाडू, रात्री पुन्हा रताळ्याच्या गोड चकत्या. महिन्यातून दोनदा हा उपास मी भक्तीने केला आणि लिव्हरने तो भक्तीने साठवून ठेवला. यांच्याकडून एकादशीला वऱ्याच्या तांदळाचा लहानसा भात, दाण्याची पातळ आमटी, दह्यातलं लाल भोपळ्याचं भरीत आलं. पोट भरलं, पण दुपारी झोप नाही आली. आषाढीपासून कांदा-लसूण नको सांगितलं होतं. एकदाच माठाला लसणाची फोडणी लागली, ती मालवणकडे गेली.

आता ती बाटली. इथे माझा या लोकांशी वाद आहे. २०० मिली हिरवा रस : दुधी, कारलं, आवळा. पत्रकात म्हटलं होतं की यानं लिव्हर ‘धुतलं’ जातं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, रक्त धुण्याचं काम लिव्हर स्वतःच करतं, त्याला धुणारा रस अजून निघालेला नाही. आवडत असेल तर भाजी खा, चोथ्यासकट. तरी पैसे भरलेत म्हणून मी तीन आठवडे प्यालो. चौथ्या आठवड्यात गुरुवारी एक घोट घेतला आणि जीभ आत ओढली गेली. कारल्याचा कडूपणा मला माहीत आहे. हा वेगळा होता, घशात चिकटून बसणारा. बाटली तशीच घरी नेली. हिने बोटावर थेंब घेऊन चाखला, थुंकला आणि म्हणाली, "दुधी कडू आहे. चिरताना तुकडा चाखलेला नाही." आमच्याकडे दुधी, काकडी, दोडका चाखल्याशिवाय कढईत जात नाही. सासूबाईंनी तिला शिकवलं आणि तिने मुलीला.

ही नुसती म्हातारीकोतारीची गोष्ट नाही. कडू पडलेल्या दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यानं उलट्या होतात, रक्तही पडू शकतं, रक्तदाब एकदम खाली जातो. २०१०मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले, तेव्हा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तज्ज्ञांची समिती बसवली होती. त्यांचं सांगणं सरळ आहे : आधी चाखा, कडू लागला तर पिऊ नका. आता मला सांगा, ज्या रसात कारलं मुळातच घातलंय, त्यात दुधी कडू आहे की नाही हे पिणाऱ्याला कळणार कसं?

फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, कडू आहे म्हणजेच औषधी आहे." मी बाटली बंद करायला सांगितली. आठवड्याने बाटलीऐवजी गुळवेलीच्या गोळ्यांची ‘ऑफर’ आली, ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून. आयुर्वेदाशी माझं वैर नाही, माझे आजोबा गावाकडे काढे देत. पण गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये छापली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, वाद झाला. तो वाद माझ्या पोटात सोडवायची मला हौस नाही. डॉक्टरांना न दाखवता कसलीही गोळी घ्यायची नाही, एवढं मी ठरवलंय, मग ती पानाची असो की पावडरीची.

मध्येच जूनमध्ये दोन दिवस वारीला जाऊन आलो. आळंदी ते पुणे आणि पुढे दिवेघाट चढून सासवड, दर वर्षीचा माझा एवढाच नेम. दोन दिवसांत साठेक किलोमीटर चाललो आणि वजन सहाशे ग्रॅमने वाढलं! हसू नका. दर शंभर पावलांवर कुणीतरी हात जोडून उभं असतं : माउली, केळं घ्या, माउली, लाडू घ्या, माउली, चहा. तिथे नाही म्हणायची माझी टाप नाही. दिवेघाटात गेल्या वर्षीइतकी धाप लागली नाही, हे मात्र खरं.

डब्याची मर्यादा तिथेच कळते. ते दुपारच्या एका तासाचं बघतात. उरलेल्या वेळात मी दिवसाला पाच कटिंग मारत होतो. टपरीवाल्याला एकदा विचारलं, एका ग्लासात साखर किती? त्याने चमचा दाखवला. घरी तेवढी काट्यावर तोलली तर आठ ग्रॅम. पाच चहांचे चाळीस, तेही वरचं फरसाण न धरता. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी सगळी मिळून ५०च्या आत राहा म्हणते, २५च्या आत आलात तर आणखी चांगलं. आता सकाळी घरचा एक चहा, बाकी ऑफिसात बिनसाखरेची काळी कॉफी. कॉफी पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये वण कमी पडतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे डॉक्टरांनीच तिला मोकळीक दिली. चव? कडू. पण या कडूला कागदपत्रं आहेत. सीएसएमटीहून शेअर टॅक्सी सोडली, जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटं चालतो, आठवड्याची तीन तासांची बेगमी होते. यातलं काहीच पत्रकात नव्हतं आणि याला पैसेही पडले नाहीत.

हिशेब सांगतो. तीन महिन्यांनी वजन ७४.३, म्हणजे चार किलो शंभर ग्रॅम कमी, पाच टक्क्यांच्या जरासं वर. एसजीपीटी ७४वरून ४६. ‘झीरो’ वगैरे काही झालं नाही. कंपनीने फुकट सोनोग्राफीचं कूपन दिलं होतं, ‘ग्रेड गेली’ हे दाखवायला. डॉक्टरांनी ते नको म्हटलं. चरबी थोडी असली तर सोनोग्राफीत ती दिसतच नाही, मग माणूस सुटलो म्हणून पुन्हा चिवडा गल्लीत. सहा महिन्यांनी फायब्रोस्कॅनच करू म्हणाले.

कुणी घ्यावा? एकट्या राहणाऱ्याने, बाहेर वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्याने, जरूर. जेवणाला पाचपैकी चार, भाकरीला एक, बाटलीला शून्य. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भात कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. यांनी ते मला विचारलं नव्हतं. घरी स्वयंपाक होत असेल तर एक महिना पुरे.

मी मुदत वाढवली नाही. शेवटच्या आठवड्यात हिने रोज माझा रिकामा डबा धुता धुता नीट पाहून घेतला होता. "यात माझ्या डब्याहून वेगळं काय आहे? भात तेवढा कमी," ती म्हणाली. मी म्हणालो, तेवढंच. डिपॉझिटचे ६०० रुपये अजून आले नाहीत, तीन वेळा फोन झाला, ‘प्रोसेस’मध्ये आहेत म्हणे. तोवर डबा आमच्याकडेच आहे. उसळ आता हिची असते, गोडा मसाला थोडा जास्त. सगळ्यात लहान कप्प्यात ती भात भरते आणि झाकण लावण्याआधी चमच्याने वरून सपाट करते.