टीबीच्या गोळ्या चालू असताना वॉरफरिन की एपिक्साबॅन?

हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आणि त्यातच टीबी निघाला. आता रक्त पातळ ठेवायला गोळी कुठली?

एरवी बहुतेकांसाठी एपिक्साबॅन सोयीचं. दिवसातून दोनदा, ठरलेला डोस. वॉरफरिनसारखी ना सतत रक्ततपासणी, ना मेथी-पालकाचा हिशोब. पण टीबीचं औषध रिफाम्पिसिन आलं की गणित फिरतं. लघवी नारिंगी करणारी हीच ती गोळी. यकृत-आतड्यांतली औषधं बाहेर काढणारी यंत्रणा ती जोरात पळवते. एपिक्साबॅनचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, आणि नेहमीच्या तपासणीत ते कळतही नाही. पेशंट इमानेइतबारे गोळी घेतोय, गुठळीचा धोका मात्र तसाच.

वॉरफरिनही यातून सुटत नाही. डोस दुप्पट, कधी पाचपटीपर्यंत न्यावा लागतो. शिवाय सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ या जनुकांमुळे प्रत्येकाचा डोस मुळातच वेगळा. पण इथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, आहे: आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा, खाली गेला की डोस वाढवायचा. कटकट आहे, पण मोजता येणारी. म्हणून टीबीच्या कोर्सच्या त्या ६ महिन्यांपुरतं माझं झुकतं माप जुन्या वॉरफरिनलाच.

(जंतूच्या आरपीओबी जनुकात रिफाम्पिसिनला दाद न देणारा बदल सापडला, तर ते औषध दिलंच जात नाही, मग ही अडचणही नाही.)

वॉरफरिनची खरी परीक्षा टीबीचा कोर्स संपल्यावर. रिफाम्पिसिनचा असर दोनेक आठवड्यांत ओसरतो. वाढवलेला डोस तसाच राहिला, तर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागतं.