पार्ल्यातला अमेरिकन इतिहासाचा क्लास
नात नववीत, आंतरराष्ट्रीय बोर्डात. मराठ्यांच्या सनावळ्या मी तिच्याकडून पाठ करून घेतल्या, पण जेफरसन काही माझ्या आवाक्यातला नाही. म्हणून हा क्लास लावला. ने-आण माझ्याकडे, त्यामुळे बाहेरच्या बाकावर निम्मा अभ्यासक्रम माझाही झालाय.

बाई शिकवतात फर्मास. बोस्टन टी पार्टी शिकवली त्या दिवशी त्यांनी टेबलावर चहाचा पुडा आपटला. "पौंडामागे कर फक्त तीन पेन्स. मग 1773 मध्ये बोस्टनकरांनी चहाच्या 342 पेट्या समुद्रात का फेकल्या?" पोरं चिडीचूप. मग निघालं की चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. तीच, जिला 1668 मध्ये आपली मुंबई मिळाली. परतताना रिक्षात नात म्हणाली, "आजोबा, म्हणजे त्यांचा आणि आपला शेठ एकच?"

अमेरिकेतली गुलामगिरी संपवणारी 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती शिकवून झाली, त्या दिवशी बाईंनी जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची (1873) अर्पणपत्रिका काढली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेली! मी बाक सोडून दाराशी जाऊन उभा राहिलो.

पण परीक्षा तोंडावर आली म्हणून चार वर्षांचं यादवी युद्ध दीड तासात उरकलं, हे काही बरं नाही. नकाशांच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की उत्तर कुठली, दक्षिण कुठली कळेना. फी तिमाहीची एकदम, पावती दोनदा मागावी लागली.

बाकावर पंखा नाही. ऑक्टोबरात जाणार असाल तर पुठ्ठा न्या वारा घ्यायला.