२६ इंची बॅरल आठ महिने, मग २२ इंची सहा महिने: ६.५ क्रीडमूरचा अनुभव

रायफल घेताना मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात, लांब बॅरल म्हणजे नेम जास्त अचूक असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलीत २६ इंची जाड बॅरल (नळी) घेतलं, की रेंजवर ८०० मीटरही होईल आणि हंगामात शिकारीलाही तीच चालेल. आठ महिने वापरली. मग त्याच अ‍ॅक्शनवर (गोळी भरणारा-उडवणारा मधला भाग) २२ इंची, जरा बारीक बॅरल बसवून घेतलं (गनस्मिथकडूनच, हेडस्पेस म्हणजे काडतूस नळीत नीट बसतंय ना ते तपासून, हे घरी करायचं काम नाही). स्टॉक (दस्ता) तोच, ट्रिगर तोच, स्कोप तोच, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

आधी अचूकतेचं. १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (छिद्रांचा पसारा) २६ इंचीने साधारण १८ ते २० मिलिमीटर यायचा, २२ इंचीनेही तेवढाच येतो, एखादा वाईट दिवस सोडला तर. आणि यात आश्चर्य काही नाही, जाडी तीच ठेवून नळी आखूड केली की ती उलट जास्त ताठ होते, कमी वाकते. लांबीचा फायदा ओपन साईट असेल तर खरा, कारण पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर वाढतं. पण स्कोप लावला की तो मुद्दाच संपला.

मग लांबीने मिळतं काय, तर वेग. तोही अमर्याद नाही. क्रीडमूर किंवा ३०८ सारख्या काडतुसात इंचामागे २०-२५ एफपीएस (फूट प्रति सेकंद) धरा, मॅग्नम काडतुसात दारू जास्त असल्यामुळे जास्त जातो, म्हणून त्या रायफली २६ इंची असतात ते योग्यच आहे. २२ एलआर ही छोटी गोळी मात्र १६ ते १९ इंचातच आपला पूर्ण वेग गाठते, पुढची नळी नुसती घासत बसते. माझ्याकडे १४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) कारखान्यात भरलेल्या मॅच गोळीला २६ इंचीत २७५५ आणि २२ इंचीत २६७५ मिळाले. ८० एफपीएसचा फरक.

इथे एक गंमत सांगतो. २६ इंची बॅरल नवं असताना पहिल्या दिवशी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून २७१५ आलं, ते गोळी किती खाली पडेल ते सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकलं आणि खूश. दीडशेक राउंडनंतर ८०० मीटरवर सगळ्या गोळ्या वीतभर वर जायला लागल्या, मी वाऱ्याला दोष दिला, स्कोपच्या रिंगचे स्क्रू परत आवळले, बायपॉड (पुढचे दोन पाय) बदलला, एक अख्खा रविवार त्यात घालवला, आणि शेवटी परत क्रोनोग्राफ लावला तर २७५५! नवीन बॅरल पहिल्या शे-दोनशे राउंडमध्ये वेग वाढवतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा लांबीवरून वेगाचा हिशोब करू नका, आपल्या बॅरलवर मोजा, तेही दीडशे-दोनशे राउंडनंतर. एकाच लांबीच्या दोन बॅरलमध्ये त्याच गोळीला ३०-४० चा फरक सहज पडतो. आणि बॅरलला लटकणारा क्रोनोग्राफ असेल तर त्याच्यासकट झिरो करू नका, म्हणजे स्कोपचा नेम जुळवू नका, वजनाने नेम सरकतो.

आता ८० एफपीएस म्हणजे प्रत्यक्षात किती? ८०० मीटरवर साधारण ०.४ मिल (नेमातल्या कोनाचं माप), म्हणजे टरेटचे, स्कोपवरच्या चकतीचे, चार क्लिक. ते क्लिक फुकट आहेत हो, एकदा अंतरानुसार क्लिकचं टेबल बरोबर असलं की फिरवायचे आणि विसरायचं. वाऱ्याचं बघा, ४ मीटर सेकंदाला असा आडवा वारा असला तर दोन बॅरलमधला फरक जेमतेम ५-६ सेंटीमीटर. आणि मी वारा ओळखण्यात सेकंदाला १ मीटरने चुकलो तर गोळी ३० सेंटीमीटर बाजूला! मी १ मीटरने चुकतोच, बरेचदा. म्हणजे माझ्या हातात लांब बॅरलने वाचवलेले ५ सेंटीमीटर कुठे दिसणारच नाहीत. १००० यार्डांच्या स्पर्धेत गोष्ट वेगळी, पाल्मा मॅचवाले (लांब पल्ल्याची रायफल स्पर्धा) ३०८ ला ३० इंची बॅरल लावतात ते १५५ ग्रेनची गोळी लक्ष्यापर्यंत आवाजाच्या वेगाच्या वर राहावी म्हणून. तिथे प्रत्येक इंचाला अर्थ आहे.

शिकारीत लांबी काय करते ते एका सकाळी कळलं. झुडपात दडून बसलो होतो, रानडुक्कर अपेक्षेपेक्षा डावीकडून आलं, साठेक मीटरवर. मी हळूच रायफल वळवली आणि बॅरलचं टोक वाळक्या फांदीला टेकलं, नुसतं टक् असं वाजलं. बास, पुढच्या क्षणाला तिथे फक्त हलणारं गवत. त्यात ती रायफल सगळं धरून सहा किलोच्या वर, दोन तास चढून गेल्यावर खांदा असा भरायचा की नेम धरताना हात थरथरतात, मग कसला वेग आणि कसलं काय.

२२ इंचीत सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावूनही लांबी आवाक्यात राहते, कारण सप्रेसर स्वतःच सहा-सात इंच वाढवतो. तो नसेल तर आखूड बॅरलचा आवाज आणि धक्का तोंडाशी जास्त जाणवतो, हे खरंय, मझल ब्रेक (धक्का कमी करायला टोकाला लावलेला तुकडा) असेल तर शेजारी बसलेला शिव्या घालतो. कानाचं संरक्षण दोन्हीत लागतंच. आणि पल्ल्याचं म्हणाल तर ८० एफपीएस कमी म्हणजे जनावर जणू पन्नास-साठ मीटर आणखी लांब उभं आहे असं समजा, गोळी उघडण्यापुरता वेग तेवढा आधी संपतो. मी ३०० च्या पुढे जनावरावर गोळी टाकत नाही, त्यामुळे मला फरक पडला नाही.

बारीक बॅरलची एक तक्रार आहे. सात-आठ राउंड भराभर मारले की तापतं, स्कोपसमोर हवा लहरायला लागते आणि नेम पाण्यात बघितल्यासारखा दिसतो. जाड बॅरलने वीस मारले तरी एवढं नव्हतं. रेंजवर आता पाच मारतो, थांबतो, चहा पितो. जाडीचं हे दुखणं लांबीच्या नावावर खपवू नका एवढंच.

एकच रायफल दोन्हीसाठी हवी असेल तर मी २२ घेईन, फक्त कागदावर आणि ८०० च्या पुढेच मारायचं असेल तर २६. २४ वाईट नाही, पण सप्रेसर लावणार असाल तर तेवढं कशाला. जुनं २६ इंची बॅरल तेल लावून ठेवलंय, त्यातून सहाशेच राउंड गेलेत, मनात आलं तर परत बसवीन.