गुहागरकडची स्पिरुलिना पावडर: माल एक नंबर, पण बरणी बदला

गुहागरच्या पुढे एक छोटा फार्म आहे, तिथून स्पिरुलिनाची, म्हणजे खायच्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाची, पावडर घेते. बॉटनी शिकवते त्यामुळे माझं लक्ष जरा जास्तच असतं. रंग गडद निळसर हिरवा, वास शेवाळाचा पण कुबट नाही, सोलकढीत अजिबात घालू नका, ताकात छान लागते. पारख करायची तर चिमूटभर पावडर गार पाण्यात ढवळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी वरचं पाणी अलगद दुसऱ्या ग्लासात ओता, मस्त निळं येतं, आणि उन्हात धरून मागे काळं कापड लावलं की लाल झाक मारते. ते फायकोसायनिन, स्पिरुलिनातलं निळं रंगद्रव्य. जास्त तापवलेल्या किंवा जुन्या मालाचं पाणी मळकट येतं. यांचं स्वच्छ होतं.

जिवंत पेशीत हेच फायकोसायनिन उन्हातली ऊर्जा गोळा करून क्लोरोफिलकडे पाठवतं, पण वैशाखातलं ऊन म्हणजे ऊर्जा नको तितकी, आणि मग पेशीला जाळणारा ऑक्सिजन तयार होतो. त्यावर तिच्याकडे ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन असतं, ओसीपी. याची रचना 2003 साली पहिल्यांदा उलगडली ती स्पिरुलिनाच्याच जातभाईतून, आर्थ्रोस्पिरा मॅक्झिमामधून. दोन भाग, आणि दोघांच्या मध्ये आरपार बसलेला एक कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजरात असतो तसल्या जातीचा रंग. जोराचा निळा-हिरवा प्रकाश पडला की त्याला एका टोकाला धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, तो 12 अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) सरकून एकाच भागात शिरतो, दोन्ही भाग विलग होतात आणि नारिंगी प्रोटीन लाल होतं. हे लाल रूप प्रकाश गोळा करणाऱ्या अँटेनाच्या गाभ्याला जाऊन चिकटतं आणि जादाची ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. ऊन उतरलं की एफआरपी नावाचं दुसरं प्रोटीन त्याला सोडवून परत नारिंगी करतं. इतक्याशा जिवात एवढी सोय, मला दरवर्षी शिकवताना नव्याने भारी वाटतं.

पण ही सोय जिवंतपणी. वाळलेल्या पावडरीला कोण वाचवणार, तिचा रंग उजेडात आणि उष्णतेत उडतच जातो. फार्मवरच्या काकांना हे पक्कं ठाऊक आहे, टाक्यांवर शेडनेट आहे, आणि आपल्याकडे आमसुलं, आंबापोळी, सुकट सगळं कडक उन्हात पडतं तरी हे ते सावलीत पंख्याखाली वाळवतात. मग एवढं जपलेलं पारदर्शक बरणीत का भरायचं? स्टँडजवळच्या दुकानात तीच बरणी काचेला लागून उन्हात ठेवलेली, रस्त्याच्या बाजूचा थर चक्क पिवळट पडलेला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला रंग दिसायला हवा ना मॅडम." बरोबर आहे त्यांचं, पण दाखवायला एक नमुना ठेवा आणि विकायला फॉइलचं जाड पाऊच करा, दहा-वीस रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.

मालाला पाच, पॅकिंगला दोन. घ्यायची तर थेट फार्मवरून घ्या, घरी आल्याआल्या स्टीलच्या घट्ट डब्यात भरा, आणि पावसाळ्यात छोटंच पाकीट घ्या, आपल्या दमट हवेत एकदा ओल धरली की गुठळ्या होतात.