एआयचे खोटे व्हिडिओ: लेबल लावायचं की ३ तासांत काढायचं?

निवडणूक आयोगाने दोन्ही उपाय आणलेत. मे २०२४ मध्ये पक्षांना सांगितलं की डीपफेक (म्हणजे एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ किंवा आवाज) लक्षात आणून दिला की ३ तासांत काढा, आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की एआयने बनवलेल्या प्रचारावर तसं स्पष्ट लिहा.

लेबल मला पटतं, कारण त्यात कुणाचं तोंड बंद होत नाही, नेत्याचं भाषण एआयने दुसऱ्या भाषेत करून ऐकवलं तर त्यात वाईट काहीच नाही, फक्त लोकांना कळू द्या. पण लेबल लावणार कोण? जो प्रामाणिक आहे तोच ना. फसवायलाच बसलेला माणूस कशाला लावेल!

आपल्याकडचंच बघा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान, आणि आदल्या संध्याकाळी सुप्रिया सुळे, नाना पटोले यांचा आवाज म्हणून, निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरल्याचं भासवणाऱ्या ऑडिओ क्लिप्स फिरल्या. सुळेंनी लगेच खोट्या आहेत म्हणून तक्रार केली, फॅक्टचेकवाल्यांच्या तपासणीतही काही क्लिप्समधला आवाज एआयचा असल्याचं निघालं, पण तोवर मतदानाचा दिवस उजाडला होता. इथे लेबलचा उपयोग शून्य.

म्हणून माझं मत काढण्याच्या बाजूने. त्यातही भोक आहेच, पक्षाने पोस्ट डिलीट केली तरी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड झालेली क्लिप तिथेच राहते. शेवटच्या ४८ तासांत तरी ३ तास खूप झाले, एका तासाची मुदत हवी आणि काढणाऱ्यानेच त्याच पेजवर खुलासा टाकायला हवा.